घरगुती गॅस मीटरचे स्थलांतर : सुरक्षा आणि कायदा

शहरातील जुन्या सदनिकेचे नूतनीकरण सुरू झाले की पहिला हातोडा बहुधा स्वयंपाकघरात पडतो. ओट्याची दिशा बदलते, भिंतीवर कपाटे चढतात, बाल्कनी आत घेतली जाते आणि या साऱ्या आखणीच्या आड नेमका गॅसचा मीटर येतो. करड्या रंगाची ही लहानशी पेटी दोनचार फूट बाजूला सरकविणे कोणालाही क्षुल्लक वाटावे असे काम आहे. नळाचा पाइप वळविणारा कारागीर समोर उभाच असतो. दोन सांधे उघडायचे, मध्ये पाइपचा तुकडा घालायचा आणि मीटर नव्या जागी टांगायचा, इतकाच हिशेब मांडला जातो. तथापि, ही पेटी घरमालकाची नसते, तिच्यातून जाणारा वायू एकट्या त्या घराचा नसतो आणि तिची जागा ठरविण्याचा अधिकार सुतार, गवंडी अथवा गृहसजावटकार यांपैकी कोणाकडेही नसतो. ती जागा कोण ठरवितो व कशासाठी, हा प्रश्न राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टापासून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोहोचतो.

नळाद्वारे घरोघरी नैसर्गिक वायू पुरविण्याची व्यवस्था आता मूठभर महानगरांपुरती उरलेली नाही. वडोदरा, सुरत, मुंबई, दिल्ली या शहरांपासून सुरू झालेला हा प्रवास आज तीनशेहून अधिक अधिकृत भौगोलिक क्षेत्रांपर्यंत पोहोचला असून 2025 मध्ये घरगुती जोडण्यांची संख्या दीड कोटींच्या आसपास होती. जोडण्या जसजशा जुन्या होतील, घरे विकली जातील, भिंती पाडल्या जातील, तसतसा मीटर हलविण्याचा प्रश्नही वाढत जाणार हे उघड आहे.

‘गॅस’ कोणाच्या सूचीत?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्य सूचीतील नोंद 25 ‘गॅस व गॅस कारखाने’ अशी आहे. आजच्या वाचकाला ती काहीशी कोड्यात टाकणारी वाटेल. परंतु तिच्यामागे एकोणिसाव्या शतकातील शहरांचा इतिहास आहे. कोलकाता व मुंबई या शहरांत त्या काळी कोळशापासून तयार केलेला वायू नळांतून पुरविला जाई आणि त्यावर रस्त्यांवरील दिवे जळत. कोलकात्याची ओरिएंटल गॅस कंपनी 1853 मध्ये स्थापन झाली. वायू शहरातच तयार व्हायचा आणि शहरातच संपायचा; म्हणून तो स्थानिक विषय. याच कंपनीचे व्यवस्थापन पश्चिम बंगाल सरकारने 1960 च्या कायद्याने हाती घेतले, तेव्हा त्याला आव्हान देण्यात आले. 1962 मधील कलकत्ता गॅस कंपनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गॅस उद्योग राज्य सूचीतील नोंद 25 मध्ये मोडतो असा निर्णय दिला.

पुढे चित्र पालटले. समुद्रातील विहिरींतून निघालेला नैसर्गिक वायू शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांतून राज्याराज्यांच्या सीमा ओलांडू लागला. गुजरातने 2001 मध्ये वायूचे वहन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला आणि राष्ट्रपतींनी अनुच्छेद 143 अन्वये सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. मार्च 2004 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेल्या मतानुसार नैसर्गिक वायू, मग तो द्रवरूप असला तरी, केंद्र सूचीतील नोंद 53 मध्ये येतो. राज्य सूचीतील ‘गॅस’ म्हणजे कारखान्यात तयार केलेला वायू, भूगर्भातून निघालेला नव्हे, असा हा भेद आहे. परीक्षार्थींनी हा मुद्दा 1962 च्या निर्णयासह एकत्र लक्षात ठेवावा. दोन्ही निर्णय परस्परविरोधी भासतात, परंतु प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या वायूंविषयी आहेत.

या मतानंतर केंद्रीय कायद्याचा मार्ग निर्वेध झाला आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ अधिनियम, 2006 अस्तित्वात आला. मंडळाच्या निर्णयावरील अपील वीज अधिनियमाखाली स्थापन झालेल्या अपील न्यायाधिकरणाकडे जाते, हे या कायद्याचे एक वैशिष्ट्य. मंडळाने 2008 मध्ये शहरी वायुवितरण जाळ्यांसाठी तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम जारी केले. 2010 मध्ये सेवेच्या गुणवत्तेविषयीची संहिता आणि आपत्कालीन प्रतिसाद व आपत्ती व्यवस्थापन आराखड्याविषयीचे विनियम आले. घरातील मीटर कोठे असावा, याची मुळे या विनियमांत आहेत. याउलट राष्ट्रीय इमारत संहितेतही (2016 ची आवृत्ती, भाग नववा) गॅसपुरवठ्याचा विभाग असला तरी ती संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे. स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या नियमांत तिचा अंतर्भाव केला तरच ती बंधनकारक होते. नियामक मंडळाचे विनियम मात्र थेट कायद्यातून आलेले असल्याने परवानाधारक कंपनीला ते पाळावेच लागतात.

मीटरपर्यंतचा प्रवास

शहराच्या वेशीवर वायू उच्च दाबाने येतो. तेथून पोलादी वाहिन्यांतून तो विभागीय दाबनियंत्रण केंद्रांत पोहोचतो. तेथे दाब साधारणपणे 4 बारपर्यंत खाली आणला जातो आणि रस्त्याखालच्या पिवळ्या पॉलिएथिलीन नळ्यांतून वायू इमारतीपर्यंत जातो. इमारतीच्या पायथ्याशी दुसरे रेग्युलेटर तो दाब सुमारे 100 मिलिबारवर आणते. त्यानंतर बाहेरच्या भिंतीवरून वर चढणारा उभा पाइप, ज्याला या व्यवसायात रायझर म्हणतात, मजल्यामजल्यावर शाखा देत जातो. घराच्या तोंडाशी बंद करण्याचा व्हॉल्व्ह, मग घरगुती रेग्युलेटर, मग मीटर आणि त्यापुढे शेगडी असा क्रम असतो. शेगडीला मिळणारा दाब अवघा 21 मिलिबार असतो. म्हणजे सुमारे एकवीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. एवढ्या अल्प दाबावर चालणाऱ्या व्यवस्थेत अनावश्यक वळणे व लांबी वाढली की ज्योत मंदावते. मीटर ओट्यापासून दूर नेताना हा विचार क्वचितच केला जातो.

मीटरची अंतर्रचना साधी पण नाजूक असते. पेटीत लवचीक पडद्यांनी विभागलेले कप्पे असतात. वायूच्या दाबाने एक कप्पा भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो. या आळीपाळीच्या हालचालीतून दरवेळी ठरावीक घनफळ पुढे सरकते आणि दातेरी चाके ते अंकांत मांडतात. काळे अंक पूर्ण घनमीटर दाखवितात, तर लाल अंक त्याचे अपूर्णांक. लहान कुटुंबासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘जी 1.6’ या आकाराच्या मीटरची कमाल क्षमता ताशी 2.5 घनमीटर असते. मीटर सरळ उभा व समतल टांगला जावा लागतो. त्याचे वजन पाइपच्या सांध्यांवर न येता आधारपट्टीवर यावे लागते आणि येणारी व जाणारी बाजू उलटता कामा नये. पाइपवर लोंबकळणारा मीटर वर्षभर काही न होता चालूही शकतो. परंतु सांध्यावरील ताण साठत राहतो.

सिलिंडरची सवय आणि नळाचा वायू

भारतीय कुटुंबाला गॅस हाताळण्याची सवय सिलिंडरने लावली आहे. टाकी संपली की रेग्युलेटर काढायचा, नव्या टाकीवर बसवायचा, साबणाचे पाणी लावून पाहायचे, हे गृहिणी वर्षानुवर्षे करीत आली आहे आणि ते अधिकृतपणे अपेक्षितही आहे. म्हणूनच मीटरलाही हात लावायला भीती वाटत नाही. पण दोन्हींत मूलभूत अंतर आहे. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो वायू असतो आणि तो केव्हातरी संपतो. रायझरमागचा स्रोत संपत नाही. व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही तर पुरवठा अखंड चालूच राहतो.

दुसरे अंतर वायूच्या गुणधर्मांचे. सिलिंडरमधील द्रवीकृत पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. नळाचा वायू प्रामुख्याने मिथेन असून तो हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा आहे आणि वर चढून छताखाली साचतो. साहजिकच सिलिंडरच्या स्वयंपाकघरात खाली जाळी लागते, तर नळाच्या गॅसला वरच्या बाजूस वाट लागते. नूतनीकरणात छताला खोटी तक्तपोशी लावली जाते, खिडकीवरची झडप बुजविली जाते, धूर ओढणारी चिमणी आली म्हणून पंख्याचे भोक बंद केले जाते. मीटर हलविला नाही तरी या प्रत्येक बदलाने धोका वाढतो. मीटरभोवती कपाट बांधले तर तो दुणावतो, कारण मग गळती आधी कपाटात साठते आणि वास घरात उशिरा पोहोचतो.

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखे उग्र वासाचे द्रव्य मिसळले जाते. त्याचे प्रमाण असे राखले जाते की हवेतील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या एकपंचमांश असतानाच सामान्य माणसाला वास यावा. मिथेनची हवेतील ज्वलनक्षम मर्यादा साधारण 5 ते 15 टक्के आहे. म्हणजे 1 टक्का वायू असतानाच नाकाने इशारा द्यावा अशी योजना आहे. ही योजना निकामी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मीटर बंद कपाटात कोंडणे.

धोक्याची व्याप्ती एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच स्वयंपाकघराचे घनफळ सुमारे 18 घनमीटर भरते. त्याचे 5 टक्के म्हणजे 0.9 घनमीटर. ताशी 2.5 घनमीटर वेगाने वायू सुटत राहिला आणि खोली बंद असली तर अवघ्या बावीस मिनिटांत सबंध खोली ज्वलनक्षम मर्यादेला टेकते. प्रत्यक्षात वायू समान पसरत नाही. तो छताखाली आधी साचत असल्याने तेथे ही मर्यादा त्याहून लवकर गाठली जाते. मीटर व रेग्युलेटर काढून उघड्या राहिलेल्या पाइपमधून, जेथे दाब 100 मिलिबारच्या घरात असतो, वायू याहून बराच वेगाने बाहेर पडतो.

रायझर एक, घरे अनेक

अनधिकृत स्थलांतराचा सर्वांत गंभीर परिणाम बहुधा ज्या घरात काम झाले तेथे होत नाही. घरच्या व्हॉल्व्हमधून वायू झिरपताना दिसला की कारागीर जिन्यातला किंवा तळमजल्यावरचा रायझरचा व्हॉल्व्ह बंद करतो. त्या क्षणी त्या रांगेतील सर्व मजल्यांचा पुरवठा थांबतो. चौथ्या मजल्यावर डाळ शिजत असते, सहाव्यावर गॅसच्या बंबाखाली ज्योत पेटलेली असते. या ज्योती विझतात. गॅस गेला असे समजून कोणी कळ बंद करतो, कोणी ती तशीच ठेवून दुसऱ्या खोलीत जातो. तासाभराने काम उरकून कारागीर व्हॉल्व्ह उघडतो आणि उघड्या राहिलेल्या बर्नरमधून न जळलेला वायू घरात भरू लागतो. ज्याने हे घडविले त्याला कोणत्या घरात काय चालू होते याची कल्पना नसते आणि ज्याच्या घरात वायू शिरला त्याला इमारतीत मीटर सरकविला जात होता हेच ठाऊक नसते.

याच कारणाने अनेक घरगुती रेग्युलेटरांत दाब ठरावीक मर्यादेखाली उतरताच पुरवठा तोडणारी योजना असते. एकदा ती लागली की दाब परत आला तरी वायू आपोआप सुरू होत नाही. हाताने पूर्ववत करावे लागते. ग्राहकाला हा त्रास वाटतो आणि काही वेळा ‘सारखे बंद पडते’ म्हणून मीटर हलविताना रेग्युलेटरच बदलून टाकला जातो. असे केल्याने ज्या एका प्रसंगासाठी ही योजना आहे, तोच प्रसंग असंरक्षित राहतो. वितरण कंपनीचे पथक रायझर बंद करण्यापूर्वी प्रत्येक घरी सूचना देते आणि पुरवठा सुरू करताना पुन्हा घरोघर तपासणी करते. हे काम कंटाळवाणे खरे, पण मीटर हलविण्याच्या शुल्कातील मोठा भाग ग्राहकाला न दिसणाऱ्या अशाच कामाचा असतो.

पाण्याच्या नळाचे कौशल्य येथे पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाण्याचा सांधा गळला तर थेंब दिसतो. वायूचा सांधा गळला तर काहीच दिसत नाही. पाण्याच्या पाइपला वापरला जाणारा धागा व लेप वायूच्या सांध्याला चालेलच असे नाही. नव्याने जोडलेल्या पाइपमध्ये हवा कोंडलेली असते. ती सुरक्षित रीतीने बाहेर काढली नाही तर पाइपच्या आतच वायू व हवेचे मिश्रण तयार होते. या क्रियेला व्यवसायात पर्जिंग म्हणतात आणि ती जवळ ज्योत किंवा विजेचे बटण नसेल तेथेच केली जाते. यानंतर पाइप दाबाखाली ठेवून दाब उतरतो का, हे ठरावीक काळ पाहिले जाते. साबणाच्या पाण्याने सांधे तपासणे ही त्यापुढची पायरी होय, दाबचाचणीला पर्याय नव्हे.

मीटरची जागा कशी ठरते

मंडळाची 2008 ची तांत्रिक मानके मोठ्या प्रमाणात अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेच्या वायुवाहिनीविषयक ‘बी 31.8’ या संहितेवर आधारलेली आहेत. या संहितेतील ग्राहक मीटरविषयीचा नियम थोडक्यात असा : मीटर शयनगृहात, न्हाणीघरात किंवा बंद कपाटात बसवू नये, ज्वालाग्राही साहित्याच्या जिन्याखाली नसावा, हवा खेळत नाही अथवा सहज पोहोचता येत नाही अशा ठिकाणी नसावा, आणि ज्ञात प्रज्वलनस्रोतापासून 3 फूट, म्हणजे सुमारे 0.9 मीटर, अंतराच्या आत नसावा. भारतीय सदनिकांतील छोट्या स्वयंपाकघरांत एवढी मोकळीक मिळविणे कठीण जाते. म्हणूनच कंपन्या शक्य तेथे मीटर युटिलिटी बाल्कनीत, खिडकीबाहेर किंवा जिन्यालगतच्या हवेशीर जागी बसविण्याचा आग्रह धरतात. बाल्कनी काचा लावून बंद केली की हाच मीटर एकाएकी घरात येतो आणि मीटर जागचा न हलताही त्याची जागा बदलते. नूतनीकरणाचा आराखडा मंजूर करताना सोसायट्या या बाबीकडे लक्ष देत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

विजेचे बटण, मीटरपेटी, मिक्सरची सॉकेट, फ्रिज यांची जवळीकही टाळावी लागते. पाइप भिंतीत गाडून वर फरशी लावण्याचा मोह सौंदर्यदृष्टीतून येतो. उघडा पाइप कुरूप दिसतो हे मान्य. तथापि तो उघडा असतो म्हणूनच त्याचा गंज दिसतो, सांधा तपासता येतो आणि पुढच्या कारागिराचा ड्रिल त्यात घुसत नाही.

मालकी, अनामत आणि जबाबदारी

मीटर घरात असतो, त्यातील आकडेवारीनुसार देयक ग्राहक भरतो, तरी मीटर ग्राहकाचा नसतो. शहरी वायुवितरणाचे अधिकार देण्याविषयीच्या 2008 च्या मूळ विनियमांत घरगुती ग्राहकाकडून कमाल पाच हजार रुपये बिनव्याजी अनामत घेण्याची मुभा आहे आणि तिचा हेतू मीटरची सुरक्षित जपणूक असा सांगितला आहे. जोडणी तोडल्यास ही रक्कम पूर्ण परत करावयाची असते. म्हणजे ग्राहक हा एका अर्थी मीटरचा राखणदार ठरतो. जी वस्तू जपण्यासाठी अनामत ठेवली आहे, ती परस्पर हलविण्याचा अधिकार राखणदाराला नसतो. सर्वसाधारणपणे पुरवठा करारानुसार मीटरपर्यंतची यंत्रणा कंपनीची आणि त्यापुढील देखभाल ग्राहकाची, अशी विभागणी असते.

मीटर हे मापही आहे. वजने व मापे यांची मानके ठरविणे केंद्र सूचीत (नोंद 50) येते, तर त्यांची अन्य बाजू 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (नोंद 33-अ) आली. वैध मापनशास्त्र अधिनियम, 2009 या विषयाचे नियमन करतो. फसविण्याच्या हेतूने मापात फेरफार करणे आणि केवळ ओटा वळविण्यासाठी मीटर सरकविणे यांत कायद्याच्या दृष्टीने भेद आहे, हे खरे. परंतु सील तुटलेला मीटर पाहून हेतू निर्मळ होता हे सिद्ध करण्याची वेळ ग्राहकावर येते. भारतीय न्याय संहिता, 2023 (1 जुलै 2024 पासून लागू) मधील कलम 287 आग किंवा ज्वालाग्राही पदार्थांविषयीच्या निष्काळजी वर्तनाला शिक्षा सांगते. येथे फसवणुकीच्या हेतूची गरजच नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास कलम 106 लागू होऊ शकते. घरमालकाने काम सांगितले आणि कारागिराने केले, म्हणून मालक आपोआप मोकळा होत नाही.

कायदेशीर मार्ग

प्रत्यक्ष कार्यपद्धती कंपनीगणिक थोडी बदलते, पण तिचा गाभा समान आहे. नोंदणीकृत ग्राहक आपल्या ग्राहक क्रमांकासह मीटर हलविण्याचा अर्ज करतो. भाडेकरू असल्यास घरमालकाची संमती आणि नवी जागा सामाईक भिंतीवर अथवा जिन्यात येत असल्यास सोसायटीचे ना-हरकत पत्र लागते. कंपनीचा तंत्रज्ञ जागा पाहतो. येथे एक सूचना उपयुक्त ठरावी : नव्या ओट्याचा व कपाटांचा नकाशा याच वेळी त्याच्यासमोर ठेवावा. कपाटे बसल्यानंतर बोलाविलेल्या तंत्रज्ञाकडे नकार देण्याखेरीज फारसा पर्याय राहत नाही आणि मग वाद उद्भवतो. जागा योग्य ठरल्यास खर्चाचा अंदाज दिला जातो. तो पाइपच्या लांबीवर व कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. रक्कम भरल्यावर कंपनीचे किंवा तिने नेमलेल्या कंत्राटदाराचे पथक येते. आलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे. कंपनीचे नाव सांगून परस्पर पैसे घेणारा माणूस हा अनधिकृत प्लंबरपेक्षाही घातक, कारण त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो.

काम सुरू होण्यापूर्वी मीटरवरील आकडा दोघांनी पाहून नोंदवावा, संपल्यावर पुन्हा नोंदवावा. पुरवठा तोडल्यापासून चाचणी पूर्ण होईपर्यंत घरात ज्योत पेटवू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दाबचाचणी, हवेचे निष्कासन, सांध्यांची तपासणी, नवे सील आणि शेवटी शेगडी पेटवून ज्योतीचा रंग पाहणे एवढे झाल्यावरच कामाच्या पत्रकावर सही करावी. निळी स्थिर ज्योत योग्य दाबाची खूण समजावी. पिवळी, लांब ज्योत दिसली तर तंत्रज्ञाला त्याच वेळी थांबवून कारण विचारावे.

या मार्गाविरुद्ध नेहमी सांगितली जाणारी तक्रार उशिराची आहे. सुतार दारात उभा असताना तपासणीसाठी आठवडा थांबणे कुटुंबाला परवडत नाही. ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. जेथे अधिकृत सेवा मंद व शुल्क अस्पष्ट, तेथे अनधिकृत प्लंबरचा धंदा फोफावतो, हे कोणत्याही सार्वजनिक सेवेत दिसते. मीटर स्थलांतराचे शुल्क व मुदत देयकाच्या पाठीमागे ठळक छापली गेली, तर जितकी सुरक्षा साध्य होईल तितकी इशाऱ्याच्या फलकांनी होणे कठीण.

सेवेत कसूर झाल्यास तक्रार कोठे करावी, याबाबत नेहमी गोंधळ होतो. नियामक मंडळ हे वैयक्तिक ग्राहकाचे न्यायालय नव्हे. जी वैयक्तिक तक्रार ग्राहक मंचापुढे चालू शकते ती मंडळाने न ऐकता मंचाकडे जावी, अशी 2006 च्या कायद्यातच तरतूद आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे आणि तेथे समाधान न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खालील जिल्हा आयोगाकडे, हा त्याचा क्रम होय. मीटर स्वतःच हलविलेल्या ग्राहकाची बाजू तेथे पहिल्या प्रश्नालाच लंगडी पडते.

जुनी सदनिका विकत घेणाऱ्यांपुढे वेगळीच अडचण येते. आधीच्या मालकाने मीटर केव्हा व कोणाकडून हलविला याची नोंद त्यांच्याजवळ नसते. सील तुटलेले किंवा नसलेले, मीटर कपाटात, पाइपचा एखादा तुकडा उरलेल्या पाइपहून वेगळ्या रंगाचा, सांध्यावर धाग्याचे अवशेष या त्याच्या खुणा होत. अशा वेळी जोडणी आपल्या नावावर करण्याचा अर्ज देतानाच कंपनीला लेखी कळवून तपासणी मागावी आणि ताबा घेतल्याच्या तारखेचा पुरावा अर्जाला जोडावा. तपासणी होईपर्यंत मीटरभोवतीच्या कपाटाची दारे काढून ठेवावीत आणि रात्री झोपताना मीटरआधीचा व्हॉल्व्ह बंद करावा. तो कोठे आहे आणि कोणत्या दिशेने बंद होतो, हे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावे.